थोरल्या वहिनींचा कान

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या कुठल्याही सभागृहात, पहिल्या रांगेत, पांढरा टॉवेल अंथरलेला असा एकही सोफा नसेल ज्यावरून आमच्या थोरल्या वहिनींना कुणीतरी उठवायचा प्रयत्न केलेला नाही. प्रयत्न एवढ्यासाठी म्हणतो की त्या उठल्या आहेत असं मी कधी पाहिलेलं नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या बराच आधी त्या पोचत, थेट पुढच्या सोफ्यावर जाऊन बसत, पर्समधून भाजलेल्या शेंगा काढत आणि टरफलं पर्सच्याच दुसऱ्या कप्प्यात जमा करत सभागृह न्याहाळत राहत. शेजारी कुणाला तरी हमखास बसवून घेत. ज्याच्या ऑटोतून आल्या तो ऑटोवाला, बाहेर कणसं भाजणारी बाई, रस्त्यात भेटलेली जुनी विद्यार्थिनी आणि तिची सासू, असं कुणीही. मग छातीला बिल्ला लावलेला एखादा कार्यकर्ता घाईघाईनं येई.

"ताई, हे पाहुण्यांसाठी आहे."

"मी पाहुणीच आहे," वहिनी शांतपणे म्हणत. "लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून."

"तसं नाही. मान्यवर पाहुणे."

"मान्यवर आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ओळखता? मला खरंच समजून घ्यायचं आहे."

हे त्या चिडून विचारत नसत, हीच अडचण होती. चिडलेल्या माणसाला समजावता येतं. वहिनी शेंगेचा दाणा हातात धरून, मान थोडी कलती करून, उत्तराची वाट बघत बसत आणि तो बिचारा कार्यकर्ता आपण कशावरून ओळखतो याचा आयुष्यात पहिल्यांदाच विचार करत उभा राही. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, पाटबंधारे खात्यात इंजिनियर होता आणि स्वभावानं कमालीचा भिडस्त. तो अशा वेळी मागच्या रांगेत खांबाआड बसायचा आणि कुणी विचारलंच तर आपण एकटेच आलो आहोत असं सांगायचा.

वहिनी प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका. नांदेडच्या एका कॉलेजात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. माहेर लातूर जिल्ह्यातल्या देवणीचं, घरी शेती आणि मोठा गोठा. त्यामुळे माणसांकडे बघायची त्यांची एक वेगळीच रीत होती. त्या म्हणत, "आमच्या गोठ्यात प्रत्येक जनावराची जागा ठरलेली असायची. दावं सोडलं तरी ते आपल्याच जागेवर जाऊन उभं राहायचं. तुमच्या सभागृहांत मला तेच दिसतं. कुणी कुणाला बांधलेलं नाही, पण मागच्या कोपऱ्यात बसणारे वर्षानुवर्षं मागच्याच कोपऱ्यात." हे सगळं त्या आकाशवाणीवरच्या बातम्यांसारख्या स्वच्छ, घासूनपुसून लख्ख केलेल्या मराठीत बोलत. देवणीची बाई असं बोलते याचं लोकांना कौतुक वाटे. मला लहानपणापासून त्याचीच सवय, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटत नसे.

आडनावाचं प्रकरण त्याहून अवघड. आपल्याकडे कुणाशी ओळख झाली की दुसरा प्रश्न आडनावाचा असतो, आणि तिसरा प्रश्न त्या आडनावावर अवलंबून असतो. वहिनी आडनाव सांगतच नसत. फार आग्रह झाला तर प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगत आणि मग चहा कशातून येतो, खुर्ची कोणती मिळते, समोरच्याचा आवाज वर जातो की खाली येतो, याचं निरीक्षण करत. लातूरच्या एका गाण्याच्या मैफलीत त्यांनी आयोजकांपैकी एकाला एक आडनाव सांगितलं, दुसऱ्याला दुसरं. पुढे सत्काराचं गुलाबपुष्प घ्यायला त्यांना व्यासपीठावर बोलवायची वेळ आली तेव्हा निवेदकाच्या कानात दोघांनी दोन आडनावं सांगितली. तो बराच वेळ माइकसमोर घसा साफ करत राहिला आणि शेवटी म्हणाला, "नांदेडहून आलेल्या एक भगिनी." घरी परतताना दादा गाडीत झोपेचं सोंग घेऊन बसला. वहिनी मात्र खूश होत्या. आयुष्यात पहिल्यांदा आपला निखळ सत्कार झाला, असं त्यांचं म्हणणं.

दादा अचानक गेला. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मुलगी लग्न होऊन लातूरला, तिथंच डॉक्टर. वहिनी त्या मोठ्या घरात एकट्या. मी तेव्हा आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा कार्यवाह होतो, अजूनही आहे, कारण दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार नसतं. वहिनी घरात बसून राहू नयेत म्हणून मी त्यांना संस्थेच्या कार्यकारिणीत घेतलं. आमचे अध्यक्ष मला म्हणाले, "चांगलं केलंत, शांत बाई दिसतात." पहिल्या सभेनंतर ते हे पुन्हा म्हणाले नाहीत.

वहिनींचा बैठकीतला सहभाग एका शब्दाचा होता. "का?" निमंत्रणपत्रिका ठरावीक वसाहतींतच वाटतो. का? परीक्षक नेहमी पुण्याहूनच बोलावतो. का? सुरुवातीला आम्ही उत्तरं द्यायचो. मग लक्षात आलं की उत्तर दिलं की आणखी एक 'का' येतो आणि तिसऱ्या 'का'ला सगळे चहाच्या कपाकडे बघायला लागतात. एका कार्यक्रमाला त्यांनी कॉलेजातले निवृत्त ग्रंथपाल सोबत आणले. ते कुबड्या घेऊन चालत. आमच्या सभागृहाच्या पायऱ्या उंच. आमचे कार्यकर्ते मदतीला धावले, म्हणाले, खुर्चीसकट उचलून नेतो. ग्रंथपाल संकोचून तिथेच उभे राहिले. वहिनी म्हणाल्या, "न्या ना. पण मग अध्यक्षांनाही तसंच उचलून न्या, म्हणजे यांना वेगळं वाटणार नाही." अध्यक्षांचं वजन सगळ्यांना माहीत होतं. शेवटी अध्यक्षच खाली आले, समई खाली आली, आणि त्या वर्षीचं दीपप्रज्वलन पायऱ्यांच्या तळाशी, चपलांच्या ढिगाशेजारी झालं. नंतर तिथे सिमेंटचा उतार बांधला गेला. त्याचंही उद्घाटन अध्यक्षांनीच केलं, कारण उद्घाटन आम्ही कशाचंही करतो.

पण खरी गोष्ट घडली ती नाटकातल्या भूमिकांच्या निवडीवरून. आमची नाटकं बसवायचे अण्णा. बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, कुणाला कधी अरेतुरे न केलेले. भूमिका वाटताना त्यांचा एक आवडता शब्द होता, 'शोभतं'. अनघा नावाच्या एक प्राध्यापिका आमच्याकडे होत्या, उंच, गोऱ्या, वाणी शुद्ध. त्यांना नायिका शोभायची. आणि सुकेशनी नावाची एक मुलगी होती. मूळची कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातली, बौद्ध कुटुंबातली, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नांदेडला एका शिकवणी वर्गात गणित शिकवायची आणि मुलं तिला टरकून असायची. ती आमच्याकडे आल्यापासून दर नाटकात मोलकरीण व्हायची. एकदा नायिकेची म्हातारी दाई झाली होती, तेवढाच बदल. अण्णांच्या सूचनेवरून ती मोलकरणीसाठी एक चिरका, नाकातला आवाज काढायची आणि लोक हसायचे.

वहिनींनी हे एका बैठकीत काढलं.

"अण्णा, सुकेशनीला दर वेळी मोलकरीण का?"

"तिला शोभतं हो," अण्णा म्हणाले. "सहज येतं तिला. आणि खरं सांगतो, माझ्या मनात तसं काही नसतं."

"तेच तर म्हणते आहे मी. तुमच्या मनात काहीच नसतं, आणि तरी दर वर्षी तेच होतं."

अण्णा दुखावले. इतके की त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मला त्यांचंही वाईट वाटलं, कारण त्यांच्या मनात खरोखरच काही नव्हतं. वहिनींनी मात्र ठराव मांडला की यापुढे संस्थेत 'शोभतं' हा शब्द कुणी वापरायचा नाही, आणि येत्या स्पर्धेच्या नाटकातल्या भूमिकांची निवड पडद्याआडून करायची. वाचणारा पडद्यामागे, ऐकणारे पुढे, नाव नाही, आडनाव नाही, फक्त क्रमांक. अण्णा म्हणाले, नाटक डोळ्यांनी बघायचं असतं. वहिनी म्हणाल्या, दुसऱ्या फेरीत डोळे उघडू, पहिल्या फेरीत कान. हा मुद्दा कुणाला खोडता आला नाही.

निवडीच्या रविवारी वहिनी सकाळपासून सभागृहात हजर. पडदा म्हणून त्यांनी घरच्या सोलापुरी चादरी आणल्या होत्या. अनघाताईंच्या सँडलचा आवाज ओळखू येतो म्हणून सगळ्यांना चपला काढायला लावल्या. मग बांगड्या उतरवल्या. एक गृहस्थ जर्द्याच्या वासावरून कळतील म्हणून त्यांना चूळ भरून यायला पाठवलं. एका हौशी कलाकारानं सवयीनं "नमस्कार, मी" असं सुरू केलं, तर त्याला रांगेच्या शेवटी धाडलं. त्या इतक्या उत्साहात होत्या की दादा गेल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

नाटक आमच्याच एका सभासदानं लिहिलेलं होतं. कंधारजवळच्या एका गावची सरपंच बाई गावातल्या दांडग्यांशी भांडून तळ्याचा गाळ काढून घेते, अशी गोष्ट. सरपंचाच्या भूमिकेसाठी वाचायला एक लांब भाषण दिलं होतं. पहिल्या काही जणींनी नीट, स्वच्छ, पाठ केल्यासारखं वाचलं. मग चौथा क्रमांक आला. आवाज खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत. लिहिलेली वाक्यं तिनं आपल्या बोलण्यात फिरवून घेतली होती. 'तुम्ही आहात म्हणून हे गाव आहे' याचं तिनं 'तुमी हाव म्हणून गाव हाय' केलं होतं, आणि ते म्हणताना ती मध्येच थांबली, जणू समोर खरंच माणसं बसली आहेत. खजिनदार खुर्चीत सरसावून बसले. अण्णांनी चष्मा काढला.

सगळ्यांचं वाचून झाल्यावर एकेकानं आपली पसंती बोलून दाखवायची होती. अण्णा म्हणाले, चार. खजिनदार म्हणाले, चार. अध्यक्ष म्हणाले, चार, आणि मीही चारच म्हणालो. वहिनींची पाळी आली.

"चार सोडून कुणीही," वहिनी म्हणाल्या. "चौथीच्या वाचनात भावना आहे, नाही असं नाही. पण भाषा फार रांगडी आहे. मुख्य भूमिकेला ती शोभत नाही. तिला शेजारणीचं काम देता येईल."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. आमच्या सगळ्यांच्या आलं. अण्णा इतके सभ्य की ते छताच्या पंख्याकडे बघायला लागले. मग चादर बाजूला झाली आणि चौथ्या क्रमांकाच्या जागी सुकेशनी उभी होती, चपला हातात घेऊन.

तालमीबाहेर ती हो-नाहीपुरतंच बोलायची, त्यामुळे तिचा खरा आवाज आमच्यापैकी कुणी नीट ऐकलाच नव्हता. इतकी वर्षं आम्ही तो नाकातला चिरका आवाजच तिचा समजत होतो. वहिनी तिच्यासाठी भांडत होत्या, पण तिला त्यांनीही कधी ऐकलेलं नव्हतं.

 अण्णांनी विचारलं, "चहा सांगू का सगळ्यांना?"

"मॅडम," सुकेशनी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, वर्गात एखाद्याचं गणित कुठं चुकलं ते विचारावं तसं तिनं विचारलं. "ती सरपंच कुठली हाय नाटकात?"

"कंधारजवळची," वहिनी म्हणाल्या.

"आन् तिची मोलकरीण?"

"त्याच गावची."

"मग मोलकरीण माझ्यासारखं बोलती आन् सरपंच तुमच्यासारखं बोलती, हे कामून? दोघी एकाच पाणवठ्यावर वाढलेल्या न्हाईत का?"

कामून, म्हणजे का. आमच्याकडचा साधा शब्द. इतके महिने सगळ्यांना 'का' विचारणाऱ्या बाईंना कुणीतरी पहिल्यांदा 'कामून' विचारलं. लेखक महाशय कोपऱ्यात बसले होते. त्यांनी संहिता उघडली, थोडी वाचली, आणि पुन्हा मिटली. सरपंचाची सगळी वाक्यं पुस्तकी, मोलकरणीची सगळी गावाकडची. त्यांनी लिहिताना, आम्ही वाचताना, कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. वहिनींनी चादरींच्या घड्या घातल्या, पिशवीत भरल्या आणि ऑटोत बसून निघून गेल्या.

पुढची बैठक त्यांनी चुकवली. त्यानंतरचीही. फोन केला तर म्हणाल्या, डोकं दुखतं आहे. मी एका संध्याकाळी घरी गेलो. त्या मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेंगांचा डबा शेजारी होता, पण उघडलेला नव्हता.

"भाऊजी, बसा," त्या म्हणाल्या, आणि मी काही विचारायच्या आत सांगायला लागल्या. "मी कॉलेजला औरंगाबादला होते, ठाऊक आहे तुम्हाला. पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी नाव दिलं. मला वाटायचं मला नाटक येतं. गावात मी सगळ्या बायकांच्या नकला करायचे. स्टेजवर उभी राहिले, एक वाक्य म्हणाले, आणि सगळा हॉल हसला. वाक्य विनोदी नव्हतं. आईच्या आजारपणाचं होतं. मी 'आई लई आजारी हाय' म्हणाले होते. बसवणारे सर म्हणाले, तुला मोलकरीण शोभेल. मी खाली उतरले. परत कधी चढले नाही."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय होतं. त्या दिवसापासून मी रेडिओवरच्या बातम्या ऐकायला लागले. वृत्तनिवेदक म्हणेल तसं मागून म्हणायचं, रोज. लग्न होऊन इथे आले तोवर माझं बोलणं साफ झालं होतं. जे काही उरलंसुरलं होतं ते तुमच्या आईंनी काढून टाकलं. त्यांनी प्रेमानंच केलं, तक्रार नाही." "मला वाटायचं मी हसणाऱ्यांच्या विरुद्ध आहे, भाऊजी. पण मी त्यांचेच कान घेऊन फिरत होते. अण्णांना चौथी मुलगी ऐकू आली. मला आली नाही. मला फक्त तो हॉल ऐकू आला."

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी शेंगांचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक घेतली.

त्यानंतरच्या बैठकीला त्या आल्या आणि पाणी पिऊन झाल्यावर सरळ म्हणाल्या, "माझा कान खराब आहे. यापुढे निवडीसाठी मला बसवू नका. निदान तो दुरुस्त होईपर्यंत." अध्यक्षांनी हे शब्दशः घेतलं. त्यांनी ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला. वहिनींनी तो मन लावून ऐकून घेतला. मग त्या सुकेशनीकडे वळल्या. "तुझी हरकत नसेल तर मी तालमींना येऊन बसेन. सूचना करणार नाही. ऐकेन." सुकेशनी म्हणाली, "या की. पण शेंगा आणा." एवढ्यावर ते मिटलं. मोठी क्षमा वगैरे कुणी मागितली नाही आणि कुणी दिली नाही.

दुसऱ्या फेरीतही सरपंच सुकेशनीच ठरली, आणि लेखकानं सरपंचाची वाक्यं तिला शेजारी बसवून नव्यानं लिहिली. अनघाताईंचं काय करायचं, हा प्रश्न अण्णांना सतावत होता. त्या नाराज होतील म्हणून ते दोन दिवस त्यांच्यासमोर जाईनात. शेवटी अनघाताईच म्हणाल्या, "मोलकरीण मला द्या ना. इतकी वर्षं मी विंगेत उभी राहून हिच्या विनोदांवर हसते आहे. मला कुणी विनोदी काम कधी विचारलंच नाही. उंच बाईनं रडायचंच असतं का?" त्यांनी कंधारी बोली सुकेशनीकडून शिकून घेतली, आणि त्यांची मोलकरीण इतकी धमाल झाली की त्यांच्या सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. अण्णा मला हळूच म्हणाले, "मी नुसता सुकेशनीवरच नाही, हिच्यावरही अन्याय करत होतो की हो." मग जरा थांबून म्हणाले, "मनात काही नसताना."

स्पर्धेचा प्रयोग लातूरला झाला. सुकेशनीनं ते भाषण म्हटलं तेव्हा मागच्या रांगांतून कुणीतरी मोठ्यानं "हाव बाई, खरंय" म्हणालं, आणि नाटकात नसलेलं ते वाक्य नाटकात अगदी बसलं. आम्हाला तिसरा क्रमांक मिळाला. बाहेरून आलेले एक परीक्षक निकालाच्या भाषणात म्हणाले की प्रमुख अभिनेत्रीचं काम प्रभावी होतं, मात्र मुख्य पात्राच्या भाषेकडे थोडं अधिक लक्ष द्यायला हवं होतं. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"कामून?" त्यांनी विचारलं.

परीक्षकांना तो शब्द कळला नाही. त्यांनी आयोजकांकडे पाहिलं. आयोजकांपैकी एकानं माइक हातानं झाकून सांगितलं, "त्या 'का' असं विचारतायत." परीक्षकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते विचारात पडले. वहिनी मान कलती करून वाट बघत राहिल्या. ते नेमकं काय म्हणाले ते मला आठवत नाही. बहुधा वेळेअभावी पुढचा कार्यक्रम सुरू झाला. सुकेशनीला त्या वर्षी अभिनयाचं बक्षीस मिळालं नाही, हे मात्र आठवतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नांदेडला परतली, कारण तिच्या वर्गाची चाचणी होती.

आमची संस्था त्यानंतर फार काही बदलली, असा दावा मी करणार नाही. पडद्याआडची निवड आता रीतसर होते, पण कधीकधी कार्यकर्त्यांना चादरी लावायचा कंटाळा येतो. अण्णा 'शोभतं' म्हणता म्हणता थांबतात आणि 'जमेल' म्हणतात. दोन्हींत फरक आहे की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. पण यंदाच्या नाटकाची दिग्दर्शक सुकेशनी आहे, आणि अण्णा तिच्या हाताखाली एका तलाठ्याची भूमिका करताहेत. तिनं त्यांना काल तिसऱ्यांदा सांगितलं म्हणे, की अण्णा, तलाठी एवढा सज्जन नसतो.

वहिनींचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मुलीनं त्यांना लातूरला नेलं. नांदेडच्या घराला कुलूप आहे. गेल्या महिन्यात एका लग्नासाठी लातूरला गेलो होतो, दुपारी सहज त्यांच्याकडे डोकावलो. दार उघडंच होतं. आतून बोलण्याचा आवाज येत होता आणि क्षणभर मला वाटलं, देवणीहून कुणी नातेवाईक बाई आल्या आहेत.

"आगं, म्या काय म्हन्ते ते ऐक. तू त्याला तसं बोलाया लावू नकु. तो घाबरायलाय. त्याला म्हनावं, आदी बस, पानी पी, मंग बोल. हाव. हाव की. आन् तू जेवलीस का न्हाई?"

वहिनी फोनवर सुकेशनीशी तिच्या तालमीतल्या एका नवख्या पोराबद्दल बोलत होत्या. पाय स्टुलावर, चष्मा कपाळावर, आणि मधूनच मोठ्यानं हसत होत्या. त्यांचं तसलं हसणं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पोटातून आलेलं, मोकळं, शेतावरच्या बायकांचं हसणं. मी दारातच उभा राहिलो. मला पाहिल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि "या भाऊजी, कधी आलात?" असं नेहमीच्या घासलेल्या मराठीत विचारलं. सवय दोघांचीही होती.

"वहिनी," मी म्हणालो, "दादाशी कधी असं बोललात?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"त्यांनी कधी म्हटलं नाही की बोलू नकोस. एका शब्दानं नाही." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांचा आवाज खाली आला आणि बोलणं आपोआप बदललं. "म्याबी कदी इच्चारलं न्हाई. त्येंला वाटलं, ही अशीच बोलती. मला वाटलं, त्येंला असंच आवडतंय. दोगंबी आपलं चांगलंच वागलो की, भाऊजी. आन् सगळा संसार तसाच झाला."

बाहेर नातीची शाळेची बस आली. वहिनी भिंतीला हात लावून उठल्या आणि दारापर्यंत गेल्या. तिचं दप्तर घेता घेता त्यांनी तिला विचारलं, "काय गं, भूक लागली का लई?" नातीनं हसून त्यांच्याच बोलीत उत्तर दिलं.